कविराजांच्या पुतळ्यापाशी

किस्से जमवायला कुणी मुद्दाम जात नाही. गवतातून चालून आलं की पँटला कुसळं लागलेली असतात ना, तसे ते घरी येतात. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मंडळींना लागलेली बहुतेक कुसळं एकाच जागची! महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-पाच घरं ट्रेनने शिकागोला जातो, तळ्याकाठच्या पार्कात फिरतो आणि डबे उघडतो ते एका जर्मन कवीच्या पुतळ्याखाली. हा माणूस नाटकंही लिहायचा. इथे स्थायिक झालेल्या जर्मन लोकांनी त्याचा पुतळा फार पूर्वी उभारला. त्याचं नाव आमच्यातला प्रत्येकजण वेगळं उच्चारायचा, म्हणून सर्वानुमते ‘कविराज’ ठरलं.

*

डॉक्टर देशमुख काका आमच्यातले सगळ्यात सीनियर. नागपूरचे, रिटायर्ड सर्जन, आवाज असा की माइकने लाजावं. पहिल्याच खेपेला ते चुकले. फोन आला, “पुतळ्यापाशी उभा आहे ना मी! तुम्ही कुठे आहात बापा?”

“काका, आम्हीपण पुतळ्यापाशीच. कोट घातलेला, हातात पुस्तक.”

“इथे तर घोडा आहे.”

“मग तो कुणी जनरल असेल.”

“बरोबर,” काका म्हणाले. “कवीला घोडा कोण देते!”

*

माझी सांगलीची मावशी उन्हाळ्यात आली होती. पुतळा निरखून बघत म्हणाली, “कोण रे हे?”

“कवी होते, मावशी. नाटकं पण लिहायचे.”

मावशीने चपला काढल्या, हात जोडले. मग पदर सावरत हळूच विचारलं, “घरचे काही बोलले नाहीत का रे त्यांना?”

*

माझी मुलगी रिया तेव्हा शाळेत होती. बराच वेळ पुतळ्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, इज ही फ्रॉम पुणे?”

मी पुण्याचा. छाती फुगली! “का गं? विद्वान दिसतात म्हणून?”

“नो. ही लुक्स लाइक ही वॉन्ट्स टु करेक्ट समबडी.”

*

शेजारच्या शॉमबर्गहून आमच्यात येणाऱ्या नितीनला आईने एक स्थळ सुचवलं. मुलगी शिकागोतच जॉबला. भेटायचं कुठे, तर याने तिला कविराजांपाशी बोलावलं. इम्प्रेशन पडावं म्हणून!

तिने पहिलाच प्रश्न टाकला, “यांचं काही वाचलंयस?”

नितीन घाबरून खरं बोलून गेला, “एक ओळही नाही, यार.”

“मीपण नाही,” ती म्हणाली आणि पर्स बाजूला ठेवून बाकावर ऐसपैस बसली. डिसेंबरात आम्ही लग्नाला गेलो.

*

आणि हा गेल्या पानगळीतला.

देशमुख काकांना स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. शब्द समोर दिसतोय आणि तोंडात येत नाही, अशी गत. स्पीच थेरपीने ‘हो’, ‘नाही’, ‘पाणी’ एवढंच परत आलं होतं. हेच काका इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत वर्षानुवर्षं हिरो, आणि विंगेत स्क्रिप्ट धरून प्रॉम्प्टिंगला त्यांच्या शैलाकाकू. आता ते चारचौघांत यायलाही तयार नसायचे. त्या रविवारी काकूंनी हट्टाने आणलं.

पुतळ्यासमोर एक म्हातारे जर्मन गृहस्थ टोपी काढून कविता म्हणत होते. आम्हाला अक्षरही कळलं नाही. काका मात्र बाकावरून पुढे झुकून ऐकत होते. कविता संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात काका उठले. काठी काकूंच्या हातात दिली आणि सुरू झाले! कॉलेजात असताना केलेल्या आणि पुढे मंडळातही गाजवलेल्या एका नाटकातलं राजाचं स्वगत. कुठेही न अडखळता, त्याच जुन्या आवाजात. कुत्रा फिरवणारी एक बाई जागीच थांबली. नितीन सरळ रडत होता. जर्मन गृहस्थांनी नुकतीच घातलेली टोपी पुन्हा काढली.

स्वगत संपलं. काका धापा टाकत उभे. काकूंनी डोळे पुसले, काठी परत त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “अहो, मधली दोन वाक्यं खाल्लीत.”

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

“तू... प्रॉम्प्ट... नाही केलंस!”