भीमाआत्यांचा हात जड नव्हता

आमच्या घरात एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे मात्र एकट्या मलाच ठाऊक आहे. चौदा वर्षं झाली. नवऱ्याला सांगितलं नाही, मैत्रिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा तेवढं सोडून बाकी सगळं बोलले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की तुम्हीही कुठून तरी आमच्याच गावचे निघाल? बघा, हा माझा स्वभाव. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मी त्याच्यावर संशय घेऊन मोकळी होते.

मी उल्हासनगरची, कॅम्प एकमधली. नऊ वर्षांची असताना आई गेली. मग घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात होते. शेजारची सिंधी मावशी कधी दाल-पकवान आणून द्यायची, तर बाबा म्हणायचे, "ठेव बाजूला. आधी बघू तिचं काम काय आहे ते." बहुतेक वेळा तिचं काहीच काम नसायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बाबा संशयी होते, पण खोटारडे नव्हते. ते माझं मी शिकले.

लग्न होऊन बदलापूरला आले. नरेशचं घर बदलापूर गावातलं, जुनं, भातशेतीवालं. आम्ही दोघं हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेऊन वेगळे राहत होतो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे बाळंतपणाला मला ना माहेर होतं, ना सासू. आणि तरीही — हे लिहिताना मला आज लाज वाटते — माझ्याइतकं लाडाचं बाळंतपण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंच झालं नसेल.

ऋतुजा झाली आणि त्या घरातल्या बायका न बोलावता आल्या. थोरली जाऊ, वैशालीताई, स्वतःचं वर्षाचं पोर कडेवर घेऊन सव्वा महिना माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. आणि भीमाआत्या. नरेशच्या वडिलांची बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, भावाच्याच घरी राहिलेली. गावातल्या अर्ध्या पोरांच्या अंगाला त्यांचा हात लागलेला. रोज सकाळी गावातून चालत यायच्या, पाय पसरून बाथरूममध्ये बसायच्या, ऋतूला पायांवर आडवी घालायच्या आणि कोमट तेलानं तिला असं काही रगडायच्या की ती आधी किंचाळायची आणि मग गुंगायची. आंघोळ, ओवा-वेखंडाची धुरी, घट्ट गुंडाळणं. ती झोपली की मला म्हणायच्या, "आता तू बस गो बाय." मग माझी पाठ, माझे पाय, माझे केस. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणी पाणी घातलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी नजर ठेवली.

आत्या बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायच्या. काय? तेलाची वाटी घरून आणायच्या. त्यात काय? मी ती हुंगून बघायची. वैशालीताई आणि त्या स्वयंपाकघरात हळू बोलायच्या आणि मी आत गेले की थांबायच्या. का थांबायच्या? नरेश आत्यांना अगं-तुगं करायचा, सगळं घरच करायचं. मी मात्र अहो-जाहो सोडलं नाही. लोक म्हणायचे, सून किती संस्कारी आहे. ते संस्कार नव्हते, मधे ठेवलेलं अंतर होतं. मूल नसलेली बाई रोज दीड-दोन मैल चालत दुसऱ्याच्या मुलीसाठी येते, तिला काहीतरी हवं असणारच ना? असा विचार मी करायची. तिच्याच हातानं डोकं पुसून घेता घेता करायची.

अठराव्या दिवशी छातीत गाठी होऊन मला सणसणून ताप भरला. दुपारी जाग आली तर वैशालीताई पलंगाच्या कडेला बसून एका अंगावर स्वतःचा मुलगा आणि एका अंगावर माझी मुलगी, असं दोघांना पाजत होत्या. नरेशच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मनात आलं, हिनं मला विचारलं का नाही? दुसऱ्या दिवशी मी अगदी सहज आवाजात म्हटलं, "ताई, तुम्हाला सर्दी झालीय का? नाही, बाळाला लागेल म्हणून विचारलं." त्यांनी पदर सारखा केला आणि डाळीला फोडणी द्यायला गेल्या. पुन्हा त्यांनी ऋतूला अंगावर घेतलं नाही. त्यावरून एक शब्द बोलल्या नाहीत, आजपर्यंत.

पण कबुली ती नाही. ती त्यानंतरची आहे. येते म्हणते आणि बघा कशी आजूबाजूनं फिरते आहे.

ऋतू साडेचार महिन्यांची होती. माझ्याकडे रडायची, आत्यांकडे गेली की गप्प. शेजारीण हसून म्हणाली, "ही तर आत्यांचीच पोरगी." ते वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, आत्या नेहमीसारख्या आल्या, मालिश-आंघोळ झाली, ऋतूला झोपवून त्या गेल्या. जाताना बजावून गेल्या, "उशा लाव गो दोन्ही बाजूला. पालथी पडाया लागली हाय." मी हो म्हटलं. उशा तिथेच होत्या, खुर्चीवर. लावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं म्हणूनच लावल्या नाहीत की काय, हे मला खरंच सांगता येत नाही.

मी गॅलरीत जाऊन मैत्रिणीला फोन लावला. काय बोलत होते माहितीये? आत्यांबद्दलच. म्हातारी माझ्या मुलीवर हक्क सांगतेय, हळूहळू तिला माझ्यापासून तोडेल, असलं काहीतरी. पंधरा-वीस मिनिटं. मग आतून आवाज आला. मोठा नव्हता, पिठाची पिशवी खाली ठेवल्यासारखा. आणि त्यानंतर लगेच रडणंही आलं नाही.

मी धावले. ती लादीवर होती, डावा हात अंगाखाली. उचलल्यावर रडली, खूप रडली, मग छातीशी धरून फिरवलं तर हुंदके देत झोपली. मी डोकं चाचपलं, टेंगूळ नव्हतं. म्हटलं, काही झालं नाही. उशा लावल्या. आता लावल्या.

संध्याकाळी वैशालीताई कालवणाचा डबा घेऊन आल्या. ऋतूला घेतलं आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, "ही डावा हात उचलत नाही. सुजाता, बघ ना." डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. दंडाच्या हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी विचारलं, "पडली का कुठून?"

नरेश माझ्याकडे बघत होता. वैशालीताई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

"मालिश कोण करतं?"

इथे मी थांबू शकले असते. 'घरातलंच कुणीतरी' म्हणू शकले असते. मी म्हटलं, "आत्या करतात. त्यांचा हात जरा जड आहे."

डॉक्टर म्हणाले, हातपाय जोरात ओढले की क्वचित होतं असं, आता मालिश बंद. बस. एवढंच. कुणी उलटतपासणी केली नाही. खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात! आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीच्या खाली कुठेतरी हलकंही वाटलं. उद्यापासून त्या येणार नाहीत, म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या आल्याच, त्यांना कुणी कळवलं नव्हतं. नरेशनं दारातच सांगितलं. ओरडला नाही, पण सांगितलं. आत्या चपला न काढता उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कंचा हात गो?"

"डावा."

त्यांनी हवेतच दोन्ही हात पुढे केले, बाळाचे हात छातीवर आडवे घेतात तसे, एकदा, दोनदा. मग म्हणाल्या, "आडवे हात घेते ना मी, तवाच जालं आसंल." पुरावा त्यांनी स्वतःच शोधून दिला. मला वाटलं नाटक करताहेत. मला वाटलं, यांना कळलंय, आणि मला बोलतं करायला असं म्हणताहेत. मी ऋतूला घेऊन आत गेले.

हाड तीन आठवड्यांत जुळलं. लहान मुलांचं जुळतं. मी अंबरनाथच्या लॅबमध्ये कामावर परत रुजू झाले. मी रक्त घेण्याचं काम करते. तान्ह्या बाळांचंसुद्धा घेते. आया म्हणतात, मॅडम, तुमचा हात किती हलका आहे.

आत्यांना मात्र पुढे कुणी बोलावलं नाही. आधी आमच्या घरात, मग आळीत, मग गावात. बायका वाईट बोलायच्या नाहीत. "आता वय झालं त्यांचं" म्हणायच्या आणि दुसरी बाई लावायच्या. आत्या आमच्याकडे डबे पाठवत राहिल्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, थंडीत मेथीचे लाडू. प्रत्येक डब्यात मला टोमणा दिसायचा. सणाला भेटल्या की मी त्यांची नजर तपासायची. यांना ठाऊक आहे. यांना सगळं ठाऊक आहे, आणि एक दिवस भर पंगतीत बोलतील. चौदा वर्षं मी त्या दिवसासाठी तयारी करत होते. उत्तरंसुद्धा पाठ होती.

यंदा नरेशच्या चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं, गावातच. कुणीतरी हौसेनं बाळ आत्यांपुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "नको गो. माझा हात जड हाय."

माझे शब्द होते ते. जसेच्या तसे.

ऋतू शेजारीच बसली होती. हसून म्हणाली, "काय गं आत्याआजी, जड कसा?" तिला खरंच माहीत नव्हतं, मीच कधी तिच्यापुढे विषय निघू दिला नव्हता. आत्यांनी तिचा डावा दंड धरला, नुसता बोटांनी, आणि म्हणाल्या, "हा मी मोडला व्हता, तू एवढीशी व्हतीस तवा. तुला नाय सांगितला कुनी? तवापासनं बुधवारची मासळी सोडली मी. म्हटलं, पोरीचा हात वाकडा नको राह्याला."

मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. तेव्हा कळलं. त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं त्यांनी ते खरं मानलं होतं. टोमणा नव्हता, नाटक नव्हतं, डब्यांत डब्यांखेरीज काही नव्हतं. आणि तरी बघा, पुढच्याच क्षणी मनात आलं: ही मला ऐकवायला तर बोलत नाही ना? म्हणजे मी अजून तशीच आहे.

बोलायची संधी होती. घरातल्या सगळ्या बायका तिथे होत्या, वैशालीताईसुद्धा. मी पेढे वाटले.

घरी आल्यावर ऋतूनं विचारलं. ती भांडी पुसत होती. "आई, खरंच आत्याआजीच्या हातून झालं?"

पहिल्या वेळी मी घाबरले होते, वय कमी होतं, झोप नव्हती, असं काहीबाही म्हणता येईल. या वेळी काही नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो. मुलगी शांतपणे विचारत होती, आणि तिला माझा राग आला असता तर तो चार दिवसांत उतरलाही असता.

"हो," मी म्हटलं.

कबुली ही आहे. तो चौदा वर्षांपूर्वीचा बुधवार नाही, हा 'हो'.

ऋतूनं हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, "पण चुकून झालं ना? मग तिनं अजून स्वतःला का शिक्षा करायची?" रविवारी मला न विचारता रिक्षा करून गावात गेली. दुपारी परत आली तेव्हा चेहरा फुलला होता. सांगत सुटली — मी तिला म्हटलं, आत्याआजी, मी तुला माफ केलं, बघ हात, बॉलिंग करते मी या हातानं, आता तू बुधवारी मासळी खायची. आधी ऐकेचना. मग खूप रडली. आणि आई, मग ती काय करायला लागली माहितीये? माझ्या पायाला हात लावायला वाकली. एवढी म्हातारी! मी धरून वर उठवली तिला.

मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, "हातपाय धू. जेवायला वाढते."