संध्याचं मापाचं ब्लाऊज

मुकुंदवाडीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक मशीन, एक आरसा आणि खुंट्यांना लटकलेल्या पिशव्या. गल्लीतल्या बायकांची मापं मला पाठ आहेत. फक्त संध्याच्या अंगाला तेरा वर्षांत माझा टेप कधी लागला नव्हता. ती दर वेळी मापाचं जुनं ब्लाऊज पाठवायची, तेही सासूच्या हातून. मला वाटायचं, बाईला घमेंड आहे. शिलाई माझी चालते, पण माझा उंबरा चालत नाही. मी पहिल्यापासून फटकळ, दोनदा बोलूनही दाखवलं.

संध्या चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आठ तास उभ्यानं काम. छातीचा भार इतका की मान कायम आखडलेली, खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ, आणि उन्हाळ्यात घामानं छातीखालची कातडी सोलून निघायची. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा दिसायची ती नुसती ओढणी, ऐन मे महिन्यातही दुहेरी घेतलेली.

डिसेंबरात तिनं ऑपरेशन करून छाती कमी करून घेतली. दुखणं मानेत नाही, भारात आहे, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सासू चतुराबाई बिथरल्या. "धडधाकट अंग कापून घेतं का कुणी? लोक काय म्हणतील?" संध्याचा नवरा राजेंद्र रिक्षा चालवतो, घरात सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "मान तिची दुखती, आई. लोकांची नाय." विषय तिथंच मिटला.

गल्लीनं मात्र घरबसल्या निदान केलं. कुणी गाठ म्हणालं, कुणी कॅन्सर. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "कशापायी केलं गं असलं?" संध्या म्हणाली, "मान वर करून तुमच्याशी बोलता यावं म्हणून."

सहा आठवडे तिनं रात्रंदिवस घट्ट आधाराची ब्रा घातली. उताणंच झोपायचं, कळशी उचलायची नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. मग वेणी कोण घालणार? चतुराबाई घालायच्या. रोज सकाळी ओट्यावर बसून सुनेला बोल लावत लावत केस विंचरायच्या, आणि टाक्यांना धक्का लागू नये म्हणून तिला हलूसुद्धा द्यायच्या नाहीत. सातव्या आठवड्यात संध्यानं स्वतः हात वर करून वेणी घातली. वाकडीतिकडी झाली होती, पण दिवसभर तिनं ती सोडली नाही.

तिच्या मनात एकच होतं, लेझीम. नववीत ती शाळेच्या पथकात पहिल्या रांगेत होती. पथकाचे कपडे शिवायला शाळेत शिंपी आला. शिंप्यांची रीत अशी, एकानं माप घेत आकडा मोठ्यानं पुकारायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचा. संध्याचा आकडा पुकारला आणि अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिनं लेझीम परत केली. त्यानंतर ती ना पळाली, ना नाचली, ना कुठल्या टेपापुढं उभी राहिली. आता तिची मुलगी श्रेया नववीत आहे आणि तीही लेझीम खेळते. यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी गल्लीतल्या बायकांचं पथक ठरलं, तेव्हा अंगावरची पट्टीही निघाली नव्हती आणि संध्यानं नाव देऊन टाकलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने उड्या नाहीत. ती म्हणाली, "चौदा एप्रिलपर्यंत चार होत्यात. मी मोजलंय." फेब्रुवारीत ती नुसती पावलं टाकायची. मार्चअखेर हातात लेझीम आली.

पांढऱ्या साड्या आणि निळी ब्लाऊजं ठरली. सगळ्यांची शिलाई माझ्याकडं. चतुराबाईंनी सवयीनं पेटी उघडली आणि संध्याचं तेच जुनं मापाचं ब्लाऊज आणून दिलं. मीही डोळे असून आंधळी, तसंच शिवून टाकलं.

अकरा एप्रिलला संध्या पहिल्यांदा माझ्या दुकानात आली. सोबत सासू आणि श्रेया. ब्लाऊज घालून आरशापुढं उभी राहिली. दोन्ही बाजूंनी कापड लोंबत होतं. तिचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली.

"माझंच चुकलं," चतुराबाई म्हणाल्या. "राहू दे आता. पदर घट्ट खोचला की दिसत नाय."

मी म्हटलं, "बाजूनं आत घेते, दहा मिनिटांचं काम."

"पदराखाली झाकून पंचवीस वर्षं काढली, आत्याबाई," संध्या म्हणाली. "आत घेऊ नका, सुरेखाताई. उसवा. टेप काढा."

बाहेर ओट्यावर पथकातल्या चार बायका थांबल्या होत्या. मी दार लोटायला गेले, तर संध्या म्हणाली, "उघडं राहू द्या." श्रेयाच्या हातात मी वही दिली. मग टेप फिरवायला घेतला. छातीखाली टेप टेकला तशी ती दचकली. "दुखतंय?" मी विचारलं. "नाय, थोडं बधिर आहे अजून. घ्या तुम्ही." मी आकडा श्रेयाच्या कानाशी पुटपुटले.

"ताई, असं नाय. मोठ्यानं सांगा."

मी दाराकडं तोंड करून पुकारला. "छाती छत्तीस!"

श्रेयानं लिहिलं. ओट्यावरची एक बाई आत डोकावून म्हणाली, "माझं कवा देणार ते सांगा आधी." कुणी हसलं नाही. संध्यानं आरशात पाहिलं आणि तीच हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. चतुराबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिची विस्कटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली.

चौदा तारखेला क्रांती चौकात ऊन रणरणत होतं. संध्या पहिल्या रांगेत होती. लेझीम डोक्यावर न्यायची, गुडघ्याला टेकवायची, पुन्हा वर. पदर कमरेला खोचलेला होता आणि तिचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. चतुराबाई पाण्याची बाटली घेऊन तिच्या बाजूनं चालत राहिल्या.

ते मापाचं ब्लाऊज अजून माझ्या खुंटीला आहे. तीनदा निरोप धाडला, कुणी न्यायला येत नाही. संध्याला काही शिवायचं असलं की ती स्वतः येते, हात पसरून उभी राहते आणि म्हणते, "पुकारा, ताई."