कंदिलाची काच पुसणारे फूल

रेगेन्सबर्ग, रविवार, १४ जून १९६४. सकाळी अंघोळ केली, चहा घेतला आणि बागेत गेलो.

मंडळी, आपले हे फिरते पत्र मी एरवी नुसती सही करून पुढे पाठवतो. आज लिहितोच. माझ्या पत्नीचा, मालतीचा, बॉटलब्रश फुलला!

हे ऑस्ट्रेलियातले झुडूप तिने केवळ नावासाठी घेतले होते. जर्मन लोक त्याला त्सिलिंडरपुत्सर म्हणतात, म्हणजे कंदिलाची काच पुसायचा ब्रश. "अहो, माहेरी काचा पुसून हात काळे झाले, आणि इथेही हाच!" असे म्हणत ती दुकानातच हसत सुटली होती.

ऑक्टोबरमध्ये ती गेली. ती तुळशीला घालायची तसे मी रोज अंघोळीनंतर या कुंडीत पाणी घालू लागलो. डिसेंबरात पाने गळू लागली.

शेजारच्या फ्राऊ हूबर थंडीसाठी जिन्यात आणून ठेवलेली कुंडी पाहून ओरडल्या, "अहो, बुडवताय का त्याला? कोरड्या मुलखातले आहे ते!"

"आमच्यात रोज घालतात," मी म्हणालो.

"मग रोज प्रार्थना करा. पाणी नको!"

ऐकले, पण जड गेले. तिच्यासाठी करण्यासारखे तेवढेच उरले होते.

आणि आज तीन लालभडक ब्रश! मी कुंपणावरून हाका मारल्या, तशा फ्राऊ हूबर पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

मायेपोटी तुम्हीही कधी कशाला जास्तीचे पाणी घातले आहे का?

फ्राऊ हूबर घरी परतल्यावर मी कुंडीतली माती चाचपली. आत ओल होती. सवयीने भरून आणलेली झारी टोमॅटोला ओतली आणि पालथी ठेवली.