एका शाळेची तपासणी

शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून मी आयुष्यभर शाळा तपासल्या. तपासल्या म्हणजे गुलाबाचं फूल घेतलं, पोहे खाल्ले, हजेरीपट चाळला आणि शेरेबुकात 'समाधानकारक' असं लिहिलं. निवृत्तीनंतर लोक सल्ला विचारायला येत, कारण सही करणारा माणूस शहाणा असतो असा समज आहे.

सिंदेवाहीत आमच्या शेजारी राहणाऱ्या, धानाच्या मजुरीला जाणाऱ्या बाईंनाही मी असाच सल्ला दिला आणि त्यांच्या मुलीला एका नावाजलेल्या निवासी शाळेत घालायला लावलं. शाळेला कारंजं होतं. माझं सर्वांत थाटाचं स्वागत तिथेच झालेलं, हे खरं कारण मी सांगितलं नाही.

सातवीत मुलगी दिवाळीला घरी आली आणि पेटी भरायची वेळ झाली तेव्हा पेटीवरच बसून राहिली.

"एक तं तिथी जा, नाई तं शाळा सोड अन् धान कापाले चल माह्यासंग," आई म्हणाली आणि मला बोलावून आणलं.

"जेवण वाईट आहे?" मी विचारलं.

"नाई."

"कोणी मारतं?"

"नाई. गणित बुडते."

गळा गोड, हा तिचा गुन्हा होता. कोणी पाहुणा आला की तिला स्वागतगीताला उचलून नेत. आधी दोन दिवस सराव, आणि सराव नेमका गणिताच्या तासाला. "गुरुजी, तुम्ही आल्ते ना संमेलनाले? तवा अपूर्णांक गेले माहे."

निवृत्तीनंतरही त्या संमेलनाला मी पाहुणा होतो आणि त्या गाण्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

ब्रह्मपुरीच्या पुढे एक आश्रमशाळा होती. कारंजं सोडा, नळालाही पाणी कधीमधीच. सातवीत जागा रिकामी आहे असं कळलं, म्हणून आम्ही तिघं काळी-पिवळी जीपमध्ये बसून पाहायला गेलो. मुख्याध्यापकांनी मला पाहताच नव्या सभागृहाकडे वळवलं. सवयीने मी गेलोही. परत आलो तर मुलगी कुंपणावर कपडे वाळत घालणाऱ्या एका मुलीपाशी उभी होती.

"तुही गणिताची वही दाखवतं?"

"काऊन वो?"

"पाहाची हाये."

वही आली. हिने बरोबर आलेली गणितं भराभर उलटली आणि पहिल्या चुकलेल्या गणितावर बोट ठेवलं. खाली लाल शाईत, नेमकी जिथे चूक झाली ती पायरी सरांनी सोडवून दाखवली होती. त्याखाली त्या मुलीने तेच गणित पुन्हा केलं होतं. पुन्हा चुकलं होतं. पुन्हा लाल शाई. तिसऱ्यांदा बरोबर.

"पाहुणे आले तं हे सर कुठी राह्यते?"

"वर्गात. चपराशी जाते ना हार घेऊन."

मी तिथेच उभा राहिलो. शेकडो शाळा तपासल्या, पण चुकलेलं गणित पाहायला वही मागावी हे मला एकदाही सुचलं नव्हतं. देवळात वाकावं तसं त्या वहीपुढे वाकावंसं वाटलं. पण आजूबाजूला माणसं होती, आणि मी माजी अधिकारी.

"माय, इथी येतो मी," मुलगी आईला म्हणाली.

प्रवेशाचा अर्ज भरताना मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, "काय येते पोरीले? नाच, गाणं? आमच्याइथी संमेलनाले कोणी गाणारंच नाई."

मुलीचा चेहरा उतरला. लेकीच्या गाण्याचं कौतुक सगळ्या गल्लीला ऐकवणारी ती आई पदर सावरून म्हणाली, "नाई जी. गळाच नाई तिले. आमच्या घरात कोणालेच नाई."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे मान डोलवली. माझ्या आयुष्यातली ही एकमेव खोटी साक्ष, जिची मला लाज नाही.

परतताना काळी-पिवळीत खिडकीशी बसून मुलगी सिंदेवाहीपर्यंत गात होती. आम्हा दोघा साक्षीदारांना काही ऐकू येत नव्हतं.