नवव्या पानाचा वाचक

एका माणसाची नोकरी माझ्या वहीमुळे गेली. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सिल्वासात सूत तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. हंगामी, कायम व्हायची वाट बघत. रोज सकाळी प्रिंटर किंचाळत बारा पानांचा रिपोर्ट काढायचा. त्याच्या प्रती खात्याखात्यांत जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. एक दिवस मॅनेजर म्हणाले, "एवढा कागद जातो, पण वाचतं कोण? शोधून काढ. कुणाला विचारू मात्र नको. विचारलं की सगळेच वाचतात."

मी युक्ती काढली. टोकरखाड्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून भाताची खळ डबीत घालून न्यायचो आणि दर दोन पानांच्या मध्ये कोपऱ्यात एक ठिपका लावायचो. परत आलेल्या प्रतीत ठिपका सुटलेला दिसला की पान उघडलं, वहीत खूण. तीन आठवडे हेच केलं.

पहिलं पान सगळे बघत, कारण मॅनेजर त्यावरूनच ओरडत. स्टोअरची प्रत तर चहाच्या गोल डागासकट जशीच्या तशी परत येई. "तुझा रिपोर्ट लय कामाचा," स्टोअरकीपर म्हणाला, "टेबल खराब होत नाही." नववं पान, म्हणजे कोणतं मशीन किती मिनिटं बंद राहिलं ते, एकाही खात्यात उघडलं गेलं नव्हतं.

माझी वही मीटिंगमध्ये वाचून दाखवली गेली. नववं पान बंद झालं. त्याच महिन्यात मी कायम झालो.

चार दिवसांनी दुपारी एक फिटर माझ्या दारात आला. नंदुरबारकडचा, चाळिशीचा. कोणतं मशीन बिघडणार हे त्याला आधीच कळतं, अशी त्याची ख्याती. लोक चिडवायचे, "मशीन याच्या स्वप्नात येऊन रडतं."

"भाऊ, ते आकड्यांचं पान येत नाय आता?"

"तुला काय करायचंय?"

त्याने शर्टाच्या आतून एक गठ्ठा काढला. रोजची पहिली प्रत वाकडी छापली जायची, ती मी रद्दीच्या खोक्यात टाकायचो. त्यातलं नववं पान तो भाकरी गुंडाळायला म्हणून न्यायचा. सात-आठ महिन्यांची तेलकट पानं होती ती, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने केलेले गोल.

"इंग्रजी नाय येत मला. पण आकडे तर आकडेच ना, भाऊ. ह्या चौदा नंबरची मिनिटं बघा, रोज वाढत चालली व्हती. मंग खोललं. बेरिंग गेलेलं."

ज्यांना प्रती जात होत्या त्यांच्यावर मी तीन आठवडे पाळत ठेवली होती. खरोखर वाचणारा एकच माणूस होता आणि तो यादीतच नव्हता.

"तुमीच साहेबांना दाखवा," तो म्हणाला. "मी दाखवलं तर रद्दी चोरली म्हणतील. मागं एकाला त्याच्यापायी गेटवरूनच घरी धाडला."

मी गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या दाखवतो म्हटलं. दाखवायचं म्हणजे नुकतंच कौतुक झालेली वही मीच खोटी पाडायची. तो रोज जेवणाच्या सुट्टीत लांबूनच भुवया उंचावून विचारायचा. मी लांबूनच "होईल, होईल" करायचो.

महिन्याभरात एका मशीनचं बेरिंग जाम झालं आणि सुताने पेट घेतला. माणसं वाचली, मशीन गेलं. चौकशीत त्या फिटरला उभं केलं.

"एरवी तुला आधी कळतं. या वेळी काय झोपला होतास?"

"साहेब, आधी कागद मिळायचा. कागद बंद झाला."

"कागद? रिपोर्ट? तू वाचायचास?" मॅनेजर हसले आणि माझ्याकडे वळले. "काय रे, हा वाचायचा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, हेच मला अजून सोसत नाही. त्याला वाटलं, आता सुटलो.

"माझ्या वहीत तशी नोंद नाही," मी म्हणालो.

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

त्याच दिवशी त्याला काढलं. रविवारी मी गठ्ठा घेऊन शेजारच्या दादऱ्याला त्याच्या चाळीत गेलो. जाऊन काय बोलणार होतो, कोण जाणे. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई धुणं वाळत घालत होती.

"गेले ना गावाला, बायकोपोरांसंगं. तुमी कंपनीतले का?"

"हो."

"कॉम्प्युटरवाले भाऊ?" तिचा चेहरा खुलला. "मंग, बोलावलं का परत? सांगून गेलेत ते. भाऊंकडं कागद हायेत, ते दाखवतील, आठ-पंधरा दिवसांत बोलावणं येईल. म्हणून तर सामान इथंच ठेवलंय. स्टोसुद्धा नेला नाय."

माझ्या हातातला गठ्ठा तिला दिसत होता. मी तो पाठीमागे धरला.

सोमवारी मॅनेजरांच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. नजरेनेच त्यांनी "काय?" म्हणून विचारलं. काही नाही, अशी मान हलवून मी परत फिरलो.

खोलीतलं ते सामान कधी हललं, मला ठाऊक नाही. मी पुन्हा दादऱ्याला गेलोच नाही.