शनिवारी टाकायचा लॅपटॉप

हूफडॉर्पच्या आमच्या घरात सकाळची गडबड संपली की संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. ही तक्रार नव्हे, दिनक्रम सांगतेय. लेक स्टेशनची बस पकडते. नात सायकलवर टांग टाकून शाळेत जाते, जाताना मला डचमध्ये काहीतरी सांगते आणि मी मराठीत ‘सावकाश जा’ म्हणते. दोघींचंही एकमेकींना साधारण कळतं. जावई वरच्या खोलीत दार लावून घरून काम करतो. म्हणजे तो घरात असतो, पण बँकेतल्या लॉकरसारखा. उरतो ओटा, मी आणि शिपोलच्या विमानतळावर उतरणारी विमानं. सुरुवातीला मी विमानांना हात करायचे. आता तेही सोडलं. समोरच्या बाई पडदे उघडे ठेवतात, त्यांनी पाहिलं होतं.

त्या आठवड्यात लेकीने मागची शेड आवरायला काढली. मोडका टोस्टर, गळका पंप, नातीच्या लहानपणची सायकल, असा ढीग दाराशी लागला. शनिवारी सगळं गाडीत घालून गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, जुनं सामान टाकायच्या जागी न्यायचं होतं. त्या ढिगावर तिने तिच्या बाबांचा लॅपटॉप ठेवला.

“आई, तो काहीच करत नाही गं. नुसती जागा अडवतो.”

“काहीच न करता जागा अडवणारी घरात अजून एक आहे. तिलाही बसवतेस का गाडीत?”

ती हसली नाही. दमलेली होती. म्हणाली, “शनिवारपर्यंत चालता कर. मग ठेवू.”

लॅपटॉप सुरू व्हायचा, अगदीच मेलेला नव्हता. पण त्यातली सिस्टिम इतकी जुनी की एकही साइट त्याला दारात उभी करेना. आणि नव्या रेडीमेड सिस्टिम या वयाच्या मशीनसाठी आता कोणी काढत नाही. ह्यांनी त्याच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले होते, सगळे तिरके. ह्यांचं सगळंच तसं. सुतळीचा तुकडा, एकटा स्क्रू, मिठाईचं खोकं, काहीही हातात आलं की म्हणायचे, ‘असू दे, लागेल.’ आणि मी टाकायला टपलेली. पुण्याचा फ्लॅट रिकामा करताना मी ह्यांचं सगळं ‘असू दे’ भराभर वाटून टाकलं. हा एक मात्र मांडीवर घेऊन विमानात बसले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

रेडीमेड मिळत नसेल तर कापड आणून शिवायचं. सिस्टिमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, फुकट मिळतो. तो उतरवायचा, आपल्या मशीनच्या मापाने सेटिंग करायचं, कंपाईल करायचं, म्हणजे मशीनला कळेल असं बांधून घ्यायचं, की आपली सिस्टिम तयार. हे मला येत होतं, किंवा येतं असं मला वाटत होतं.

कारण मी एकेकाळची प्रोग्रामर. पुण्यातल्या एका कारखान्यात, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या त्या काळातली. तेव्हाची मी आज भेटले तर मला सहन होणार नाही. कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक मान. मेमरी वाचवणं हा माझा धर्म होता. एकदा हजेरीचा नवा प्रोग्राम चालतो का हे बघायच्या आधीच मी जुना पुसून टाकला, जागा वाचावी म्हणून. दुसऱ्या दिवशी अख्खा कारखाना गैरहजर लागला, साहेबांसकट. साहेब तणतणत आले, तर ही बया त्यांना जागा किती वाचली ते समजावून सांगत होती.

काटकसर अंगातून गेली नाहीच. पुण्यात गावाला निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, पाण्याचा कॉक बंद, मग कुलूप. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, घरात कोणी नाही असं समजून, मी भाजी आणायला जाताना मेन स्विच पाडला. लॉकरात जावई होता. त्याच्या साहेबांशी कॉम्प्युटरवर बोलत होता. परत आले तेव्हा तो जिन्यात मोबाईलचा दिवा धरून उभा होता आणि ‘काही नाही आई, काही नाही’ म्हणत होता. बिचारा.

तीच मी आता सेटिंगच्या यादीपुढे बसले. सिस्टिमचा गाभा कंपाईल करण्याआधी तो हजारो प्रश्न विचारतो. हे हवं का, ते हवं का, हो की नाही. माझ्या हाताला मेन स्विच सापडला. टीव्ही? नाही. रेडिओ? नाही. जॉयस्टिक? या वयात? नाही. प्रत्येक प्रश्नाखाली माहिती असते, ती वाचणं मला कमीपणाचं वाटलं. खटाखट नाही, नाही, नाही. मग कंपाईल सुरू केलं आणि लॅपटॉपचा पंखा घुमायला लागला. त्या दिवशी घरात दिवसभर कोणीतरी धापा टाकत होतं आणि ती मी नव्हते. मी त्याच्या शेजारी बसून पालक निवडला. त्याला दोन-तीन गोष्टी सांगितल्या. बरं वाटलं.

संध्याकाळी रीस्टार्ट केला. काळा पडदा, पांढरी अक्षरं: डिस्क सापडत नाही, मी थांबतो. आणि थांबला.

एवढी अक्कल तरी आली होती की जुना गाभा पुसला नव्हता. त्यावरून परत आत शिरले. फाइल सिस्टिमवर संशय घेतला, ती ‘हो’ होती. डिस्कचं नाव चुकलं असेल म्हणून ते तपासलं, बरोबर होतं. बदल करायचा, कंपाईल करायचं, रीस्टार्ट करायचं, काळा पडदा बघायचा, यात बुधवार आणि गुरुवार गेले. मोबाईलवरून एका फोरमवर प्रश्न टाकला. तिथली पोरं मला ‘ब्रो’ म्हणायला लागली. ‘ब्रो, सेटिंगची फाइल दाखव.’ मी दाखवली नाही. एवढे नकार परक्यांना दाखवायचे म्हणजे कपाट उघडून दाखवल्यासारखं. पण ब्रो म्हटल्याचं वाईट वाटलं नाही. त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त हाक त्याच नावाने मारली गेली.

शुक्रवारी पाऊस होता, जावई ऑफिसला गेलेला. मी यादी पहिल्यापासून उघडली आणि या वेळी चष्मा लावून, प्रत्येक नकाराखालची माहिती वाचत खाली आले. डिस्कच्या भागात एक ओळ होती: जुन्या पद्धतीच्या डिस्कसाठी. मीच तिला ‘नाही’ म्हटलं होतं, आणि म्हणताना काय वाटलं तेही आठवलं. जुन्या पद्धतीची डिस्क आता कोण वापरतं?

मी वापरते. समोर तीच होती, स्टिकर लावलेली.

खाली लिहिलं होतं, खात्री नसेल तर ‘हो’ म्हणा. मी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर ह्यांच्याशी नेमका याच मुद्द्यावर वाद घातला होता, आणि ह्यांची बाजू इथे इंग्रजीत छापलेली. ह्यांना सांगायला हवं होतं. हे असते तर एक शब्द बोलले नसते, फक्त भुवई उचलली असती. मी त्या ओळीला ‘हो’ म्हटलं. एवढ्याशा बदलाला फार वेळ लागत नाही. पण रीस्टार्ट करायचा धीर त्या दिवशी झाला नाही.

शनिवारी सकाळी लेक गाडीची किल्ली हातात घेऊन आली. टोस्टर गेला, पंप गेला, सायकल गेली. मग ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. अक्षरं वर पळायला लागली, पळत राहिली, आणि थांबली तिथे लॉगिन विचारत होती.

लेक वाकून बघत होती. पडद्याकडे नाही, बटणांकडे. एक स्टिकर सुटत आला होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला.

“मग आता हा करतो काय?” तिने विचारलं.

“सध्या काही नाही.”

ती किल्ली घेऊन दाराकडे वळली. मग म्हणाली, “असू दे.”

हुबेहूब. तोच सूर, शेवटी जरा लांबवलेला. तिला कळलंही नाही. ती गाडी घेऊन गेली.

सोमवारी सगळे आपापल्या वाटेने गेले. लॅपटॉप ओट्याशेजारी चालू होता, पण नवी सिस्टिम इतकी हलकी की पंखा फिरायची वेळच येईना. काटकसरीचं फळ. घर पुन्हा गप्प. एक विमान गेलं, दुसरं गेलं.

मी यादी उघडली, जॉयस्टिकपाशी गेले आणि ‘हो’ म्हटलं. रेडिओला हो, टीव्हीला हो. आधी बांधलेले सगळे तुकडे पुसून टाकले, म्हणजे पहिल्यापासून कंपाईल होऊन भरपूर वेळ लागावा. थोड्या वेळाने पंखा घुमायला लागला. मी मेथीची जुडी सोडली आणि शेजारी बसले.