आक्काचं साखळी उपोषण

बेळगावपासून निपाणीपर्यंत माणसाच्या तत्त्वांआधी त्याच्या पोटाची चौकशी करणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे माझ्या मित्राची थोरली बहीण. सगळे तिला आक्काच म्हणतात. शहापुरातल्या विणकराच्या घरात वाढलेली ही बाई प्रयोगशाळेत टी पेशी वाढवते. टी पेशी म्हणजे रोगजंतू ओळखून त्यांच्याशी झुंजणाऱ्या रक्तातल्या पेशी. पण तिच्यासमोर त्यांना 'शूर सैनिक' म्हणायची सोय नाही. मी एका पत्रकात तसं लिहिलं, तर तिनं लाल पेनानं खोडलं. "सैनिक उपाशी लढला की तुम्ही पोवाडे लिहिता. पेशी तसलं काय करत न्हाय. खायला न्हाय तर ती वाढतच न्हाय!" प्रत्येक पेशीत एक तपासनीस बसलेला असतो, साखर-प्रथिनांचा साठा बघूनच तो वाढीला परवानगी देतो, असं ती सांगते, आणि तो चहापाणी मागत नाही, हेही. एका लग्नाच्या पंगतीत तिनं सांगितलं की छातीच्या हाडामागे थायमस नावाची या पेशींची शाळा असते आणि पोर उपाशी राहिलं की ती शाळाच आक्रसते. नवरीच्या मामानं घाबरून सगळ्या पोरांना दुसऱ्यांदा बासुंदी वाढायला लावली.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला, पोरांची वजनं करणारा, लसी टोचणारा छोटा सरकारी दवाखाना बंद करायचं ठरलं. दुसरा दवाखाना दोन बस बदलून. तापलेलं पोर घेऊन बायांनी तिथवर जायचं कसं? मी पत्रक छापलं आणि आमरण उपोषणाला बसलो. दुसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन मांडवात हजर.

"काय रं, मरून दवाखाना उघडणार व्हय?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आक्का."

"ते असू दे. आवाज कुठं गेला तुझा? काल तर लई वरडत होतास."

आवाज खरोखरच गेला होता. तिनं माझ्याच पत्रकाच्या पाठीवर साखळी उपोषणाच्या पाळ्या मांडल्या, त्याही टी पेशींच्या रीतीनं. काम नसलेली पेशी मंद आचेवर जगते. काम आलं की भराभर साखर जाळते, फुगते, एकीच्या अनेक होतात. काम संपल्यावर रोगजंतूची ओळख जपणाऱ्या थोड्या पुन्हा मंद आचेवर येतात. म्हणून मांडवात शांत बसणाऱ्यानं त्या दिवसाचा उपास करायचा, आरोग्य खात्याच्या कचेरीत भांडायला जाणाऱ्यानं पोटभर जेवून वर दोन लाडू खायचे आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यायची. तिच्या शिस्तबद्ध हिशेबात एकच चूक होती: लाडू तिच्या आईच्या हातचे होते. आठवड्याभरात मांडवात तिघं आणि कचेरीत तीस जण, अशी अवस्था झाली. मागावरची कामं उरकून बाया रांगेनं भांडायला जात आणि एकही घसा बसत नसे. तिसऱ्या आठवड्यात कचेरीतल्या साहेबांनी हात जोडले. दवाखाना चालू राहिला.

तसा लेखी हुकूम हातात आला तेव्हा आक्का इथं नव्हती. दूरच्या शहरातल्या नव्या प्रयोगशाळेत ती नुकतीच रुजू झाली होती. मांडवात पंगत बसली होती, त्या गोंगाटातूनच मी फोन लावला.

"आज उपासाची पाळी कुणाची रं?"

"कुणाचीच न्हाय, आक्का! जिंकलो. सगळे जेवाय बसल्यात."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.  मग पंगतीतली भांडणं ऐकत राहिली असावी.

"जेवा, जेवा," ती म्हणाली. "फोन तेवढा चालू ठेव. मी बी जेवाय बसते. हिकडं माझ्या पानाला शेजारीच न्हाय रं कुणी."